यशमाची पारख

१

इ.स. १५२० च्या जून महिन्याच्या अखेरच्या रात्री मेक्सिकोच्या सरोवरातील तेनोच्तित्लान नगरातून कोर्तेसचे स्पॅनिश सैन्य जीव मुठीत धरून बाहेर पडले, तेव्हा तेथील राजा मोक्तेसुमा ह्याच्या खजिन्यातील जे सोने लष्कराबरोबर नेणे अशक्य होते ते ज्याच्याने जेवढे उचलवेल तेवढे त्याने उचलावे, अशी मोकळीक सेनापतीने शिपायांना दिली. नव्याने दाखल झालेल्या शिपायांनी सोन्याने कमरा भरून घेतल्या, आणि पूल नसलेल्या कालव्यांत त्यांतले कित्येक त्याच भाराने तळाशी गेले. बेर्नाल दियास ह्या जुन्या शिपायाने मात्र लहानशा पेट्यांतून चार हिरवे दगड तेवढे काढून चिलखताच्या आत छातीशी ठेवले. त्या दगडांची तेथील लोकांत केवढी प्रतिष्ठा आहे हे त्याने त्यांच्यात महिनेच्या महिने वावरून पाहिले होते, आणि म्हातारपणी लिहिलेल्या वृत्तांतात त्याने नमूद करून ठेवले आहे, की पुढे त्या दगडांच्या किमतीवरच त्याच्या जखमांचा इलाज झाला आणि पोटाची बेगमी झाली.

दियासला पाषाणशास्त्राचा गंध नव्हता. हा जिन्नस कोणाला हवा असतो आणि तो त्यासाठी काय मोजावयास तयार होतो, एवढे त्याला ठाऊक होते, आणि ते त्याच्या सोबत्यांना ठाऊक नव्हते. त्या दोहोंतील अंतर हीच त्याची कमाई. सोने तोलून विकले जाते; हिऱ्याचे दर आठवड्याच्या आठवड्याला छापील तक्त्यांत प्रसिद्ध होतात आणि सुरतेचा दलाल व अँटवर्पचा व्यापारी एकाच तक्त्यावर बोट ठेवून बोलतात; परंतु आज ज्याला सर्रास ‘जेड’ म्हणतात आणि मोगल दरबाराच्या फार्सी दफ्तरात ज्याची नोंद ‘यशम’ अशी होई, त्या पाषाणाला असा तक्ता कधीच लाभला नाही. त्याचे मोल वजनावर ठरत नाही, रंगावर पुरते ठरत नाही, एकट्या कारागिरीवरही ठरत नाही. ते तिन्ही पारखणारा मनुष्य समोर असेल तरच ते प्रकट होते, आणि नसेल तर शाही पेयपात्रही मोडीच्या भावात जाते. सबब कमी लेखलेले यशम हुडकून काढण्याचा संग्राहकाचा उद्योग म्हणजे बाजाराला काय ठाऊक नाही ह्याचा उद्योग होय, आणि त्याचा इतिहास पाहिला तर त्यात दैवाचा भाग लोक समजतात त्याहून पुष्कळच थोडा आढळतो.

२

प्रथम हे सांगितले पाहिजे, की यशम हा एक पाषाण नसून दोन आहेत. आलेक्सिस दामूर ह्या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने इ.स. १८६३ मध्ये ब्रह्मदेशातून आलेल्या हिरव्या दगडांचे पृथक्करण केले, तेव्हा मध्य आशियातील खोतानच्या नद्यांतून मिळणारा जुना यशम आणि हा दगड ह्यांची घटकद्रव्येच भिन्न असल्याचे निष्पन्न झाले. पहिला नेफ्राइट, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियम ह्यांचे सिलिकेट. दुसरा जेडाइट, म्हणजे सोडियम व ॲल्युमिनियम ह्यांचे. नेफ्राइटचे विशिष्ट गुरुत्व २.९५ च्या आसपास, जेडाइटचे ३.३३ च्या आसपास. कठीणपणात जेडाइट किंचित सरस, पण चिवटपणात नेफ्राइटला तोड नाही, कारण त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की हातोड्याच्या घावानेही तो सहसा दुभंगत नाही. ह्या चिवटपणामुळेच पोलादी छिन्नीने त्यावर नक्षी कोरता येत नाही. फिरत्या चाकतीवर ओल्या कुरुंदाचा चुरा लावून तो महिनोन्महिने झिजवीत बसावे लागते, आणि म्हणूनच कागदासारख्या पातळ भिंतीचा पेला ज्याने घडविला त्याच्या आयुष्याचा केवढा तरी भाग त्या पेल्यात उतरलेला असतो.

हा भेद केवळ प्रयोगशाळेतला नव्हे. बाजारातील कितीतरी चढउतारांचे मूळ त्यात आहे. चिनी लोकांनी हजारो वर्षे ज्याची पूजा केली तो नेफ्राइट. ब्रह्मदेशाच्या उत्तरेकडील काचिन टेकड्यांतून युनान प्रांतामार्गे चीनमध्ये येणारे जेडाइट अठराव्या शतकापर्यंत तेथे परकेच मानले जाई. जी युन ह्या चिनी विद्वानाने (१७२४–१८०५) आपल्या टिपणांत लिहून ठेवले आहे, की आपल्या तरुणपणी युनानच्या ह्या हिरव्या दगडास कोणी खरा यशम समजत नसे, आणि आता त्याची किंमत खऱ्या यशमाच्याही पलीकडे गेली आहे. दगड तोच, खाण तीच. पण एका मनुष्याच्या हयातीत त्याचे कुळ बदलले. पुढे सम्राज्ञी त्सुशी हिला त्या पाचूसारख्या हिरव्या रंगाचे वेड लागले आणि मग तर सर्वांत पारदर्शक, सर्वांत गडद हिरव्या जेडाइटला शाही हाच किताब मिळाला. बार्बरा हटन ह्या अमेरिकन धनिककन्येला तिच्या वडिलांनी इ.स. १९३३ च्या विवाहात दिलेली २७ मण्यांची अशीच एक माळ इ.स. १९८८ मध्ये सुमारे २० लाख डॉलरला, १९९४ मध्ये ४२ लाखांना आणि २०१४ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात २ कोटी ७४ लाख डॉलरला विकली गेली. मण्यांत भर पडली नव्हती. मोजणारे बदलले होते.

ज्या मुलखातून हे जेडाइट येते त्या मुलखाचा आणि महाराष्ट्राचा एक धागा रत्नागिरीत आहे. उत्तर ब्रह्मदेशातील ह्या व्यापारावर ब्रह्मी राजांची जकात असे; इ.स. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि थिबा राजाला पुढच्याच वर्षी रत्नागिरीस आणून नजरकैदेत ठेवले. जकातीचा मक्ता आता इंग्रज सरकार देऊ लागले, आणि ज्याचा तो पूर्वी हक्क होता तो राजा कोकणच्या किनाऱ्यावर अपुऱ्या तनख्यात संसार चालविण्यासाठी सोबत आणलेले जडजवाहीर एकेक करून विकू लागला. गरजेपोटी विकणाऱ्याला भाव सांगता येत नाही, तो ऐकावा लागतो. जगातील मोठ्या संग्रहांच्या पायाशी अशा विक्रीचे चिरे थोडेथोडके नाहीत.

३

भारतातील यशमाची कथा ह्याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे, कारण येथे हा पाषाण खोतानहून आला, येथल्या कारागिरांच्या हाती तो जगात अपूर्व असा घडला, आणि पुढे येथेच त्याचा सर्वांत मोठा विसर पडला.

यशमाची हौस मोगलांना तैमुरी घराण्याचा वारसा म्हणून मिळाली. समरकंदला तैमूरच्या कबरीवर त्याचा नातू उलुघ बेग ह्याने काळसर हिरव्या यशमाची प्रचंड शिळा बसविली होती. त्याच उलुघ बेगाचा शुभ्र यशमाचा एक गडू पुढे जहांगीराच्या हाती पडला, तेव्हा त्याने त्यावर आपले नाव कोरविले, आणि त्यानंतर शाहजहाननेही आपले. हा गडू आज लिस्बनच्या गुल्बेंकियन संग्रहालयात आहे. शाहजहानच्या कारखान्यात ह्या कलेचा कळस झाला. अर्ध्या भोपळ्याचा आकार, तळाशी उमललेले कमळ आणि निमुळत्या टोकाला मान वळवून पाहणारे शिंगाळ बकऱ्याचे मस्तक, अशी त्याची दुधासारख्या शुभ्र यशमाची मद्यप्याली हिजरी १०६७, म्हणजे इ.स. १६५७ ची आहे. चीनचा पाषाणसंस्कार, हिंदूंचे कमळ, युरोपी प्राणिशिल्पाची जिवंत ढब ही सारी त्या वीतभर वस्तूत एकत्र नांदतात.

ही प्याली आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. पण त्याआधी ती चार्ल्स सेटन गथ्री नावाच्या गृहस्थापाशी होती. गथ्री बंगाल इंजिनियर्स ह्या पलटणीतला अधिकारी. १८५७ च्या उठावाच्या आगेमागे, ज्या काळात जुनी घराणी बुडत होती, किल्ल्यांतले तोषाखाने रिकामे होत होते आणि सोन्यारुप्याच्या ओतीव किमतीपलीकडे कोणी पाहत नव्हते, त्या काळात त्याने यशमाच्या वस्तू जमविल्या. सोन्याचा पेला वितळविता येतो, म्हणून लुटारूही त्याला किंमत देतो. यशमाचा पेला वितळत नाही, फोडला तर खडेही निघत नाहीत, म्हणून लुटीच्या बाजारात तो सर्वांत हलका ठरतो. गथ्रीच्या संग्रहातील एक वेचक भाग इ.स. १८६८ मध्ये लंडनच्या इंडिया म्युझियमने विकत घेतला आणि तो पुढे साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्टमध्ये, गेला. शाहजहानची प्याली मात्र अनेक हातांतून फिरून त्या संग्रहालयात इ.स. १९६२ मध्ये पोहोचली.

त्याही आधीचे एक उदाहरण अलाहाबादचे. इ.स. १८०३ मध्ये तेथे बांधकामाच्या खोदाईत एका जुन्या हौदाच्या तळाशी ४१ किलो वजनाचे हिरवट यशमाचे एक कासव सापडले. ते इतके हुबेहूब घडविलेले आहे, की गंगायमुनेत आढळणाऱ्या कासवांपैकी त्याची जात प्राणिशास्त्रज्ञांना निश्चित करता आली. तख्तावर येण्यापूर्वी सलीमचा, म्हणजे पुढच्या जहांगीराचा, दरबार अलाहाबादेस असताना ते त्याच्यासाठी घडविले गेले असावे, असे मानतात. एका इंजिनियर अधिकाऱ्याने ते विलायतेस नेले आणि इ.स. १८३० पासून ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एका शाही बागेचे भूषण दोनशे वर्षे गाळात पडून राहते, ह्याचा अर्थ त्याची चोरी झाली नाही इतकाच नव्हे. ते चोरण्याजोगे आहे हेही कोणाला ठाऊक उरले नव्हते.

सुदैवाने सारेच समुद्रापार गेले नाही. हैदराबादेस तिसरा सालारजंग नवाब मीर युसुफ अली खान (१८८९–१९४९) ह्याने दिवाण देवडीत बसून आयुष्यभर खरेदी केली. त्याच्या नावाने इ.स. १९५१ मध्ये उघडलेल्या संग्रहालयाच्या यशमाच्या दालनात जहांगीराचा खंजीर, नूरजहानची फळे चिरण्याची सुरी, शाहजहानची ‘साहिबे-किराने-सानी’ हा किताब कोरलेली धनुर्धराची अंगठी, आणि ज्यावर शम्सुद्दीन इल्तुत्मिशचे नाव व हिजरी ६०७ हे साल आहे अशी ग्रंथ ठेवण्याची रिहल, अशा वस्तू एकत्र पाहावयास मिळतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा व सर दोराब टाटा ह्यांच्या देणग्यांतून आलेल्या वस्तूंत चिनी यशम आणि तपकिरीच्या कुप्या आहेत. कँटनच्या व्यापारात उतरलेल्या मुंबईच्या पारशी कुटुंबांनी चिनी माती, गारा साड्या, हस्तिदंत ह्यांबरोबर जे बारीकसारीक आणले त्याची जातकुळी पाहावयाची असेल, तर ही दालने हीच मुंबईकर संग्राहकाची पहिली शाळा. पैसे खर्चण्यापूर्वी तेथे पुष्कळ वेळ खर्चावा. कारण काचेआडची अस्सल वस्तू वारंवार पाहून डोळ्याला जी सवय लागते, तीच पुढे गल्लीतल्या अर्धवट उजेडात उपयोगी पडते.

४

जाणता म्हणविणाराही कसा चुकतो, हे पाहावयाचे तर चीनच्या चिएनलुंग सम्राटासारखे (राज्यकाल १७३५–९६) उदाहरण नाही. यशमाचा त्याच्याएवढा मोठा संग्राहक झाला नाही. इ.स. १७५९ मध्ये पूर्व तुर्कस्तान जिंकल्यावर खोतानचा पाषाण त्याच्या दरबारी खंडणीत येऊ लागला, आणि त्याबरोबर हिंदुस्थानात घडलेल्या पातळ भिंतींच्या वाट्याही आल्या. त्यांवर तो इतका लुब्ध झाला, की त्याने त्यांच्यावर सत्तरांहून अधिक कविता रचल्या आणि ह्या वस्तू येतात तो देश कोणता ह्याचा शोध घेणारा एक निबंध इ.स. १७६८ मध्ये स्वतः लिहिला. तथापि ‘हिंदुस्थानी’ म्हणून त्याने गौरविलेल्या कित्येक वस्तू मध्य आशियात आणि उस्मानी तुर्कांच्या मुलखात घडलेल्या आहेत, असे आता दिसून आले आहे.

त्याहून मौजेची हकीकत एका पेल्याची. जुनाट रंगछटांनी मंडित असा तो पेला हान काळचा, म्हणजे दीड हजार वर्षांहून अधिक जुना, असे सम्राटाला वाटले; त्याने दरबारी पाथरवट याओ त्सुंगरन ह्याला विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, की हा तर माझ्या आजोबांनी केला. पाषाणाला भोके पाडून, रंगद्रव्ये मुरवून, महिनोन्महिने आच देऊन नव्या दगडाला जुनेपणा आणण्याची ती त्यांच्या घराण्याची गुप्त विद्या होती. ही कथा सम्राटाने स्वतःच लिहून ठेवली, हे त्याचे मोठेपण. आणि तिसरे उदाहरण त्याच्याही ध्यानी न आलेले: बाहेरून चौकोनी व आतून गोल अशा ज्या प्राचीन नळकांड्यांना चिनी ‘त्सुंग’ म्हणतात, त्यांतील एकावर त्याने आपली कविता कोरविली ती उलटी, कारण वस्तूचे वरचे टोक कोणते हेच त्याला ठाऊक नव्हते. अशा त्सुंगांना त्या काळी चौ राजवटीच्या काळाचे किंवा त्याहून अर्वाचीन समजत. त्यांतले पुष्कळसे लियांगचू संस्कृतीतले, म्हणजे सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचे आहेत, हे विसाव्या शतकातील उत्खननांनी, विशेषतः इ.स. १९८६ च्या फानशान येथील दफनभूमीने, सिद्ध केले. म्हणजे जो चिनी संग्राहक इ.स. १९५० साली असा त्सुंग घेऊन बसला असेल, त्याच्यापाशी त्याला वाटे त्याहून दोन हजार वर्षे जुनी वस्तू होती.

इ.स. १९७१ मध्ये आतील मंगोलियातील एका खेड्यात झाडे लावण्यासाठी जमीन खणताना एका शेतकऱ्याला गडद हिरव्या पाषाणाची, इंग्रजी ‘सी’ ह्या अक्षरासारखी वळलेली एक वस्तू मिळाली. लोखंडाचा तुकडा समजून घरच्या पोराने ती दोरी बांधून फरफटत खेळविली. ओरखड्याखालून हिरवी झाक दिसू लागली, तेव्हा ती तालुक्याच्या संस्कृतिकेंद्रात नेण्यात आली आणि केंद्राने ३० युआन देऊन ती घेतली. तेरा वर्षांनी न्यूहलियांगच्या कबरींत त्याच घडणीचे नाग-वराह सापडले, तेव्हा हा हुंगशान संस्कृतीचा, सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचा यशमाचा ड्रॅगन असल्याचे कळले. आज तो बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या तेरा वर्षांत त्या वस्तूत काहीच बदलले नव्हते. दूर दुसऱ्या ठिकाणी कोणी एक कबर उकरली आणि कपाटात पडलेल्या एका वस्तूचे मोल पालटले. ज्याला कमी लेखलेले यशम हवे असेल त्याने बाजारभावापेक्षा उत्खननांचे अहवाल अधिक लक्षपूर्वक वाचावेत, हा ह्याचा व्यावहारिक अर्थ.

५

आता बाजाराकडे वळू. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर ग्रामोफोन, जहाजावरची घड्याळे आणि सिनेमाची जुनी पोस्टरे ह्यांच्या गर्दीत हिरव्या दगडाचा एखादा हत्ती, वाडगा किंवा मूठ हमखास आढळते, आणि दुकानदार तिला बिनदिक्कत ‘जेड’ म्हणतो. त्यांतले बहुतेक दक्षिण हिंदुस्थानात मिळणारे चमचमत्या कणांचे हिरवे ॲव्हेंच्युरीन असते. काही रंगविलेला क्वार्ट्‌झ, काही काच. आणि पुष्कळदा असतो तो सर्पेंटाइन, ज्याचा एक प्रकार यूनानी हकीम जहरमोहरा म्हणून विषावर देत. जहरमोहऱ्याचे पेले विष ओळखतात अशी समजूत होती, आणि यशमाविषयीही तीच होती. त्यामुळे दोहोंची गल्लत नवी नाही. पंजाबात भेरा गावचे पाथरवट अफगाणिस्तानातून आणलेल्या अशाच मऊ हिरव्या दगडाच्या खंजिरी मुठी करीत, आणि त्या यशमाच्याच नावाने खपत.

ह्यातून वाट काढण्यास फार मोठी सामग्री लागत नाही. दहा पटींचे भिंग, एक बारीक तराजू, पाण्याचे भांडे आणि दोरा एवढ्यावर निम्मे काम होते. वस्तू प्रथम हवेत तोलावी, नंतर दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोलावी. हवेतील वजनाला दोन वजनांतील फरकाने भागले की विशिष्ट गुरुत्व निघते. हवेत ५९ ग्रॅम भरलेला तुकडा पाण्यात ३९ भरला, तर उत्तर २.९५ येते, आणि तो नेफ्राइट असण्याचा संभव मोठा; तेच २.६५ आले तर तो क्वार्ट्‌झच्या कुळातला, आणि २.५७ च्या आसपास आले तर सर्पेंटाइन. सोन्याचे कोंदण किंवा धातूचे पाते जडविलेल्या वस्तूला ही कसोटी लागू पडत नाही, हे उघडच आहे. तेथे वक्रीभवनांक मोजणारे उपकरण लागते, ज्यावर नेफ्राइट १.६१ व जेडाइट १.६६ च्या सुमारास दाखवितो. सुरीच्या टोकाने ओरखडून पाहण्याची जुनी रीत मात्र सोडून द्यावी. क्वार्ट्‌झही पोलादाने ओरखडत नाही, तेव्हा तिने फारसे काही सिद्ध होत नाही, आणि दुसऱ्याच्या वस्तूचे नुकसान तेवढे होते.

नव्या जेडाइटच्या बाबतीत सावधगिरी आणखी हवी. व्यापारात त्याचे तीन वर्ग मानतात: ‘ए’ म्हणजे मेणाच्या झिलईपलीकडे काही न केलेला, ‘बी’ म्हणजे आम्लात बुडवून डाग काढलेला आणि मग पोकळ झालेल्या अंगात प्लॅस्टिकची राळ भरलेला, ‘सी’ म्हणजे रंगविलेला. रंगविलेल्या दगडात भिंगाखाली रंग भेगांच्या वाटेने जाळे करून बसलेला दिसतो. ‘बी’ वर्ग मात्र कुशल डोळ्यालाही चकवितो आणि अवरक्त वर्णपटाच्या तपासणीतच खात्रीने पकडला जातो. सबब महागड्या हिरव्या जेडाइटमध्ये ‘स्वस्त मिळाले’ असे जो म्हणतो, त्याने प्रयोगशाळेचा दाखला हाती येईपर्यंत आनंद तहकूब ठेवावा. ज्या जिन्नसाचा भाव सगळ्या जगाला पाठ आहे, त्यात विसरलेले असे काही शिल्लक नसते.

मग खरोखर कमी लेखलेले कोठे सापडते? जेथे रुची अद्याप पोहोचली नाही तेथे. पाते हरवलेल्या मोगल मुठी, खडे निसटलेल्या आणि कोंदणाच्या रिकाम्या कोरा उरलेल्या आरशांच्या पाठी, हुक्क्याच्या मुखनळ्या, म्यानाचे व कमरपट्ट्याचे सुटे भाग, आणि छातीची धडधड शांत व्हावी म्हणून गळ्यात बांधावयाचे ‘हौलदिली’ नावाचे छोटे ताईत: ह्या वस्तू अपूर्ण म्हणून शोकेसमधून बाहेर पडतात आणि किरकोळ म्हणून फेरिस्तात दोन शब्दांत आटोपल्या जातात. शाहजहानच्या नावाचा यशमी मुठीचा खंजीर इ.स. २०१९ च्या न्यूयॉर्कच्या लिलावात ३३ लाख डॉलरांवर गेला, ही झाली नामांकिताची गोष्ट. पण त्याच हाताच्या शिष्यांनी दिल्लीत, लखनौत, दख्खनेत पुढील दीडशे वर्षे जे केले, ते अजून नावाविना आहे. पाषाणाची जात, कोरीव पानांच्या शिरांची ढब, कोंदणातील शुद्ध सोन्याचा मऊपणा, आणि बोट जेथे टेकते तेथेच झालेली झीज, एवढी साक्ष जमली तर अशा वस्तूचा काळ बराचसा ठरविता येतो. कोरलेले नाव मात्र शेवटी वाचावे. उलुघ बेगाच्या गडूवर जहांगीराने नाव कोरविले तसे ते कोणीही कोरवू शकतो, आणि ज्यांच्या लोभापायी माणसे फसतात ती बहुतकरून अक्षरेच असतात.

६

यशमाच्या मूळ खाणीवर हाच खेळ अधिक निष्ठुरपणे चालतो. ब्रह्मदेशातील फाकंतच्या दऱ्यांतून निघणाऱ्या शिळेवर तपकिरी साल असते. आत पाचूसारखा गाभा आहे की राखाडी दगड हे कापल्याविना समजत नाही. विकणारा एक लहानशी खिडकी तेवढी घासून दाखवितो आणि घेणारा त्या खिडकीवर आपले घर लावतो. ह्या व्यापारातील जुन्या चिनी दलालांची वहिवाट अशी, की सौदा बाहीच्या किंवा रुमालाच्या आत बोटे दाबून व्हावा. आपल्याकडे बैलबाजारात उपरण्याखाली चालणारा सौदा ज्याने पाहिला आहे, त्याला ती रीत समजावून सांगावी लागणार नाही. तिच्यात भाव दोघांपुरताच राहतो, आणि तिसऱ्याला त्यापासून काही शिकता येत नाही.

पण फाकंतला कमी लेखलेल्या यशमाच्या मागे लागलेले सर्वांत मोठे लोक हे दलाल नव्हेत. कंपन्यांची यंत्रे डोंगर पोखरून जो मलबा कड्यावरून लोटून देतात, त्यात नजरचुकीने राहिलेला हिरवा तुकडा वेचण्यासाठी देशभरातून आलेले गरीब मजूर रात्रंदिवस त्या ढिगांवर चढलेले असतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये असा एक ढीग कोसळून शंभराहून अधिक माणसे गाडली गेली; २ जुलै २०२० रोजी पावसाने फुगलेला मलबा खाणीच्या तळ्यात घसरला आणि दीडशेहून अधिक मेली. संग्राहक ज्याला आपली सूक्ष्म दृष्टी म्हणतो, तीच दृष्टी ह्या मजुरांपाशी असते. फरक इतकाच, की एकाला चुकीबद्दल पैसे द्यावे लागतात आणि दुसऱ्याला प्राण.

म्हणून कमी किमतीत घेणाऱ्यावर काही जबाबदाऱ्या येतात असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि त्यांतली कायद्याची बाब सर्वांत सोपी आहे. आपल्या देशात इ.स. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांवरील अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. तेव्हा लंडनच्या भावाशी मुंबईचा भाव ताडून पाहण्यात अर्थ नाही. विक्रेत्याशी वागण्याची बाब अधिक अवघड. सराईत दुकानदाराला त्याचा नफा ठाऊक असतो, आणि त्याच्याहून अधिक अभ्यास करणे हा संग्राहकाचा न्याय्य अधिकार आहे. परंतु वाडा मोडताना आजीच्या पेटीतली हिरवी वाटी घेऊन येणाऱ्या नातवाच्या अज्ञानावर नफा काढणे ही थिबाच्या दारात बसलेल्या सावकाराची रीत झाली. तेथे काय आहे ते सांगून मगच भाव बोलावा. अशा वागणुकीने सौदा क्वचित हातचा जातो, पण त्या घरातील उरलेली पेटी पुढे त्याच माणसापुढे उघडली जाते, हा जुन्या जवाहिऱ्यांचा अनुभव आहे.

तिसरी जबाबदारी नोंदीची, आणि ती सर्वांत अधिक टाळली जाते. शाहजहानची प्याली शाही तोषाखान्यातून कोणत्या हातांनी बाहेर पडली ह्याचा दाखला नाही. गथ्रीच्या काळी ती स्वस्त होती, म्हणून ती कोठून आली हे टिपून ठेवण्याची तसदी कोणी घेतली नाही, आणि आज कोणत्याही किमतीला ती माहिती विकत मिळणार नाही. वस्तू कोणाकडून, कोणत्या गावी, कोणत्या तारखेस, किती रुपयांस घेतली. तिचे दोन वजनांचे आकडे काय. कोणती भेग जुनी आणि कोणती डागडुजी नवी. विकणाऱ्याने तिच्याविषयी सांगितलेली घरगुती आख्यायिका, मग ती खोटी का वाटेना: हे सारे एका वहीत लिहिण्यास अर्धा तास पुरतो. ज्या अज्ञानावर संग्राहकाची खरेदी उभी राहिली ते अज्ञान त्याच्यानंतर तसेच राहू नये, एवढे तरी त्या वस्तूचे त्याच्यावर देणे असते. आणि ते त्याने फेडले, तर पुढच्या संग्राहकाला ती स्वस्त मिळणार नाही, ही तक्रार त्याने खुशाल ऐकून घ्यावी.